आवडाबाईंचा पाट

दर्शनाच्या व्यायामाच्या वर्गात नव्या बाईला वजनकाट्यावर उभं करत नाहीत. तिला सतरंजीवर, आणि जमत नसेल तर खुर्चीवर बसवतात. मग दर्शना समोर मांडी घालून बसते आणि विचारते, "पूर्वी करायचात आणि आता सोडून दिलंय, असं काय आहे?"

बायका आधी गुडघे, कंबर, थायरॉइड असं सांगायला लागतात. ती सगळं ऐकून घेते आणि पुन्हा तेच विचारते. मग हळूहळू खरं बाहेर येतं. विठ्ठलवाडीहून येणाऱ्या निशाताई म्हणाल्या, "माळ्यावरची भांडी मी स्वतः काढायचे. आता मुलगा येईपर्यंत थांबते." आमच्या शेजारच्या गोदामावशींनी बराच विचार करून सांगितलं, "दारात रांगोळी काढायचे गं. आता स्टिकर लावलाय." आणि एकीने, तिचं नाव सांगत नाही, बेधडक सांगितलं, "नवऱ्याशी भांडताना दम पुरत नाही. मी श्वास घ्यायला थांबते, तेवढ्यात तो जिंकतो."

"मग तुमचं भांडणापासून सुरू करू," दर्शना म्हणाली.

माझी मुलगी समीक्षा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. डॉक्टरांना विचारून ती याच वर्गाला जाते. तिथे ती उकिडवी बसते, भिंतीला हात लावून उठते, जिना चढते. ती परत येईपर्यंत मी खिडकीत. माझा स्वभावच काळजीचा. समीक्षा म्हणते, "आई, तुझ्या काळजीला पगार असता ना, तर आपण ठाण्याला तळ्याकाठी फ्लॅट घेतला असता." तरीही मी तिला दर्शनाकडे पाठवते. बाकी कुठे पाठवली नसती. हे असं का, ते सांगायचं तर दर्शनाबद्दल लिहायला हवं, आणि दर्शनाबद्दल लिहायचं तर तिच्या आजीला, आवडाबाईंना, सोडून चालणार नाही.

आम्ही कोकणातून येऊन डोंबिवलीकर झालेले. दर्शनाचं तसं नाही. ती इथलीच, आगरी. पश्चिमेला खाडीच्या अंगाला तिचं गाव आहे, आणि शहर त्या गावाच्या भोवती वाढलं. आवडाबाईंनी तरुणपणी भात लावलं, मिठागरात मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या. पुढे शेतांवर इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मुलाने, म्हणजे दर्शनाच्या वडिलांनी, दौलतभाऊंनी, खांबांचा बंगला बांधला. खाली गुळगुळीत लादी, वर झुंबर. दौलतभाऊंनी जाहीर केलं, "आईनं जलमभर कष्ट केलं. आता तिनी फकस्त बसाचा." आईसाठी मऊ गादीची खुर्ची आली. सुनेने हातातली केरसुणी काढून घेतली, नातवंडांनी विळी काढून घेतली. जो तो त्यांच्या हातचं काम काढून घेई आणि मनापासून प्रेमाने काढून घेई. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा मान म्हणजे पहिली खुर्ची. आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवालाही सतरंजी अंथरतात खरी, पण साठीच्या पुढची बाई दिसली की खुर्ची धावत येते.

काही वर्षांत असं झालं की आवडाबाईंना जमिनीवर बसता येईना. बसल्या तर उठता येईना. दुसऱ्या कुणाला हे एवढं लागलं नसतं. पण आवडाबाई धवलारीण होत्या.

आगरी लग्नात हळद दळण्यापासून नवऱ्याला मांडवात आणेपर्यंत प्रत्येक विधीला धवला नावाची गाणी म्हणतात. ती गाणी म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. ती एक ओळ म्हणते आणि मागच्या बायका ती झेलतात, म्हणजे उचलून पुढे नेतात. एका नातेवाइकाच्या लग्नात आवडाबाईंना कुणीतरी कौतुकाने खुर्ची दिली आणि हातात माइक दिला. त्या न गाताच घरी आल्या आणि त्यानंतर कुठल्याच मांडवात गेल्या नाहीत. मी एकदा त्यांना कारण विचारलं होतं. म्हणाल्या, "धवला म्हंजे आवतान, बाय. देवाला, खारीच्या पान्याला, आपल्या मेलेल्या मानसांना. ती सगली जमिनीत. वरशी हाक मारली तं येतील का?"

दर्शना माझ्या घरी प्रथम आली ती समीक्षाबरोबर, दोन्ही कोपरं सोललेली. दोघी कॉलेजच्या कबड्डी संघात होत्या. दर्शना चढाईला जायची. मी हळदीचा लेप घेऊन धावले, तर ती म्हणाली, "काकू, हे तर काहीच नाही, समोरच्या पोरीचं बघायला हवं होतं." त्या दिवशी आमची लिफ्ट बंद होती. मी भाजीच्या पिशव्या घेऊन धापा टाकत वर आलेली पाहून तिने मला शिकवलं, की जिना चढताना तोंडाने हळू हळू कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं. शब्द तुटला की समजायचं आपण घाई करतोय. मी ते तेव्हा हसण्यावारी नेलं. आता आमच्या जिन्यात किमान चार बायका पुटपुटत चढतात आणि वॉचमनला वाटतं सगळ्या एकाच महाराजांच्या शिष्या आहेत.

ठाण्याला एका सामन्यात दर्शनाचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवसांनी चालायला सांगितलं होतं, पण दौलतभाऊ ऐकतात कुठे? "माझी पोर पाय खाली नाय ठेवनार." पाणीसुद्धा पलंगावर. दर्शना मला सांगत होती, "काकू, मी पलंगावर आणि समोर आजी खुर्चीत. दोघी एकमेकींकडे बघत बसायचो. घरातल्या कुणीच आमचं वाईट केलं नव्हतं, पण आम्ही दोघी दिवसेंदिवस बिघडत होतो. आजीच्या पायांना नक्की काय झालंय, ते मला त्या पलंगावर कळलं."

ती पलंगावरून उतरली, भांडून उतरली. गुडघा बरा झाला, पण तिची चढाई काही परत आली नाही. मग तिने शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, ट्रेनरचा कोर्स केला आणि ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोमागे एका जिममध्ये नोकरीला लागली. काम चोख करायची, पण रमली नाही. तिथली माणसं आरशाशी बोलतात, म्हणायची. आणि आवडाबाईंच्या वयाची एखादी बाई चुकून दारापर्यंत आलीच, तर आतले आवाज ऐकून तिथूनच मागे फिरायची.

अशात दर्शनाच्या भावाचं, कमलेशचं लग्न ठरलं.

दौलतभाऊंनी डीजे ठरवला, मांडववाला ठरवला, शेवटी आईसमोर येऊन बसले. "आई, धवला तूच म्हनाचा."

"खुर्चीवं बसून नाय म्हननार. आनि खाली मना बसता येत नाय."

"मंग दुसरी धवलारीन आनतो."

"आन. मी वरती माडीवं बसन. मांडवात येनार नाय."

एकुलत्या नातवाची हळद आणि आजी माडीवर. दौलतभाऊ चिडले, सून रडली, कमलेश म्हणाला, मग धवला नकोच, डीजे आहेच. त्यावर आवडाबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं, आणि तेच घरात सगळ्यांना जास्त लागलं. दर्शनाने मनाशी ठरवलं की आजीला मांडवात, जमिनीवर बसवायचंच.

सुरुवातीला ती जिमच्याच वाटेने गेली. "आजी, खुर्चीतून उठ आणि परत बस. एवढंच करायचं."

"कनाला?"

"पायांत ताकद येईल."

"ताकद आनून काय करू? नांगर धरू? शेत तं तुझ्या बापानी इकलं."

शेजारच्या खोलीत दौलतभाऊंनी टीव्हीचा आवाज मोठा केला.

पुढे आठवडाभर हेच. दर्शना गोड बोलली, रागावली, रुसली. आवडाबाई खुर्चीतून हलल्या नाहीत. शेवटी दर्शना थकून म्हणाली, "बरं, तू नको म्हणू. मला शिकव. मी म्हणते धवला."

"तू?" आवडाबाई मोठ्याने हसल्या. "तुझा गला कबड्डीचा! देव येतील ते पलून जातील."

"पळाले तर मी पकडून आणीन. शिकव."

शिकवणी सुरू झाली. दर्शना खाली जात्यापाशी आणि आजी वर खुर्चीत. हळद दळता दळता म्हणायचा धवला जात्याच्या फेऱ्यावर चालतो. ओळ कुठे तोडायची हे घशापेक्षा हाताला आधी कळतं. आता हात दाखवायचा तर खाली यायला हवं. आवडाबाई वरून ओरडायच्या, "तसा नाय गो! खुंटा खालशी धर. आगो खालशी! अजून खालशी!" एक दिवस त्यांना राहवलं नाही. म्हणाल्या, "सरक तिकरं. मना जरा खाली घे."

दर्शनाने घरातले होते नव्हते तेवढे पाट गोळा केले. गणपतीचा, जेवणाचे, पाहुण्यांचे. एकावर एक रचून जवळजवळ खुर्चीएवढा ढीग केला, भिंतीला टेकवला आणि आजीला त्यावर बसवलं. आवडाबाईंचा हात अजून जात्यापर्यंत पोचत नव्हता. काही दिवसांनी त्या स्वतःच म्हणाल्या, "यातला एक कार."

असा तो ढीग उतरत गेला. डॉक्टरांनीही गुडघे तपासून हरकत नाही म्हटलं होतं. पण तो काही रोज उतरायचा नाही. एखाद्या सकाळी आवडाबाई म्हणायच्या, "आज गुरघा बोलतं," मग काढलेला पाट परत यायचा. दर्शना सांगते, की पाट परत ठेवताना समोरच्या माणसाला लाज वाटू द्यायची नाही, हे ती जिममध्ये नव्हे, त्या लादीवर शिकली. आणि कोणीही ताकदीसाठी उठत नाही, जात्याच्या खुंट्यासाठी उठतं, हेही.

शेवटी एकच पाट उरला. बसणं जमलं. राहिलं उठणं.

उठायची सोपी रीत दर्शनाला माहीत होती. एका कुशीवर वळायचं, दोन्ही तळवे जमिनीला, दोन्ही गुडघे जमिनीला, मग एक पाऊल पुढे घेऊन मांडीवर हात रोवायचा आणि वर यायचं. घरात, दार लावून, आवडाबाई तशा उठल्यासुद्धा. पण मांडवात?

"चार पायांवं? जनावरासारखी? नातसुनेच्या मायेरासमोर?"

"मग मी हात देईन."

"हात दिला तं सगली बोलतील, धवलारनीला उचलाय लागली. नाय."

"मग काय करायचं?"

"बघू," आवडाबाई म्हणाल्या. हळदीच्या दिवशी दर्शना मला मांडवाच्या दारात भेटली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. म्हणाली, "काकू, आजी बसेल हो. पण उठेल कशी, ते तिलाही माहीत नाही आणि मलाही."

मांडवात अख्खं गाव लोटलं होतं. आणि मधोमध, जात्याच्या शेजारी, दौलतभाऊंनी आईसाठी गुपचूप मागवलेली भेट ठेवली होती. लाल मखमलीचं सिंहासन. हातांच्या जागी सोनेरी सिंह, पाठीला मोराचा पिसारा, समोर माइक. नवरानवरीला स्टेजवर बसवतात ना, त्यातलं सगळ्यात मोठं. दौलतभाऊंचा चेहरा नुसता फुलला होता. "आई, बस!"

दर्शनाने माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या रुतल्या.

आवडाबाई सिंहासनापाशी गेल्या. सिंहाच्या डोक्यावरून हात फिरवला. "दौलत, या वाघावं कमलेशला बसव. लगीन त्याचं हाय, भ्याव त्याला वाटूं दे." मांडव हसला. मुलाचं तोंड एवढंसं झालेलं पाहून त्यांनी त्याच्या गालाला हात लावला. "चांगला हाय रे तुझा वाघ. जेवून झाल्यावं बसन मी त्यावं." आणि त्यांनी नऊवारीचा काष्टा सारखा केला, जात्याच्या कडेवर हात टेकला आणि एका पाटावर, सावकाश, कुणाचाही हात न धरता बसल्या.

पहिली ओळ चिरकली. इतक्या वर्षांचा गळा. दुसरी ओळ लागली. ती झेलायला गावातल्या म्हाताऱ्या होत्या, पण त्या सगळ्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या. त्यांचा आवाज जात्यापर्यंत पोचेचना. आवडाबाईंनी जातं थांबवलं.

"वरशी काय झेलताव? खाली या सगल्या!"

धवलारणीचा शब्द मांडवात मोडत नाहीत. एक उतरली, दुसरी उतरली. माझ्या शेजारच्या आजी माझ्या खांद्यावर भार देऊन खाली गेल्या आणि त्यांच्याबरोबर मीही गेले. बघता बघता खुर्च्या रिकाम्या झाल्या. आणि मग जो धवला उठला, तो मी शब्दांत नाही सांगू शकत. अर्धे शब्द मला कळत नव्हते, पण माझी आई, माझी सासू, दोघी गेलेल्या, दोघींची आठवण एकदम आली. सगळ्यांचे डोळे जात्याकडे, आणि डीजेवालासुद्धा कानावरचं काढून ऐकत उभा.

धवला संपला. कुणी उठेना.

आधी वाटलं, भारावून बसल्यात. मग माझ्या शेजारच्या आजींनी माझ्या कानात विचारलं, "आगो बाय, आता उठाचा कसा?" तीच कुजबुज पलीकडे ऐकू आली, आणखी पलीकडे ऐकू आली. आवेशात सगळ्या खाली आल्या होत्या. वर यायचं कसं, याचा विचार एकीनेही केला नव्हता. एक हसली, मग सगळ्याच हसत सुटल्या, आणि हसताना तर मुळीच उठता येत नाही. कमलेशचे मित्र बाह्या सरसावून बगलेत हात घालून उचलायला धावले.

"थांबा! कुनी हात नाय लावाचा," आवडाबाईंचा आवाज आला. त्यांनी दर्शनाकडे पाहिलं. "पोरी, ते जनावराचं दाखव सगल्यांना. ये इकरं, मी पयली."

आणि नातसुनेच्या अख्ख्या माहेरासमोर आवडाबाई कुशीवर वळल्या, तळवे टेकले, गुडघे टेकले, एक पाऊल पुढे घेतलं, मांडीवर हात रोवला आणि उभ्या राहिल्या. कुणी हसलं नाही. दर्शनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हळदीने माखलेलं होतं, त्यामुळे ती फार विचित्र दिसत होती. तिने लेहंगा खोचला आणि मांडवाच्या मध्यभागी दोन हात, दोन गुडघे टेकून बसली.

"आता सगळ्यांनी माझ्यासारखं. घाई नाही. श्वास धरायचा नाही. बोला, कबड्डी कबड्डी!"

त्या हळदीचा व्हिडिओ कमलेशच्या बायकोकडे आहे. नऊवारीतल्या म्हाताऱ्यांच्या रांगा चार पायांवर, कबड्डी कबड्डी म्हणत एकेक उभ्या राहतायत आणि उठणारीला बाकीच्या टाळ्या देतायत. त्यात एक सहावारीतली डोंबिवली पूर्वेची बाईसुद्धा आहे. तिने उठताना शेजारणीचा पदर धरला होता, हे व्हिडिओत दिसत नाही.

लग्नाच्या सत्यनारायणानंतर दुसऱ्याच सकाळी तीन-चार आज्या आपापले पाट घेऊन बंगल्याच्या ओट्यावर हजर झाल्या. "ते उठाचं परत दाखव गो." दर्शनाचा वर्ग असा सुरू झाला. काही महिन्यांनी तिने खोपटची नोकरी सोडली. ओटा पुरेना तेव्हा गावदेवीच्या देवळाचं सभागृह मिळालं, आणि हळूहळू पूर्वेच्या, ठाण्याच्या, विठ्ठलवाडीच्या बायका येऊ लागल्या. सभागृहात आरसा नाही. भिंतीशी पाटांचे ढीग आहेत. दर्शना आकडे मोजत नाही, गाणं म्हणायला लावते. म्हणते, मोजायला लागलं की माणूस संपायची वाट बघतं. कुणाचं काही दुखलं तर आधी डॉक्टरकडे पिटाळते. सगळ्यांचं सगळं जमतं असंही नाही. गोदामावशी दारात बसून रांगोळी काढतात, पण अजून चार ठिपक्यांचीच, आणि तो स्टिकर अर्धाच निघालाय. नवऱ्याशी भांडणारीचं मात्र उत्तम चाललं आहे. नवरा येऊन दर्शनाला विचारून गेला, पुरुषांसाठी वर्ग आहे का.

ते सिंहासनही सभागृहात आहे. दौलतभाऊंनी ते मांडववाल्याकडून विकतच घेतलं. आवडाबाई म्हटल्याप्रमाणे जेवून झाल्यावर त्यावर एकदा बसल्या, फोटो काढला. आता बायका त्याच्यावर पर्स आणि ओढण्या ठेवतात.

परवा मी समीक्षाला आणायला गेले होते. आवडाबाई कोपऱ्यात आपल्या पाटावर बसून लसूण सोलत होत्या. समीक्षा चपला घालायला लागली, तशी मी घाईने वाकले. "थांब, तू नको वाकू, मी घालते."

"समीक्षाची आई," आवडाबाई लसणावरची नजर न काढता म्हणाल्या, "तिच्या हातातलं काम नको काढू."

मी सरळ उभी राहिले. समीक्षाने भिंतीला हात लावून, गुडघे वाकवून, शांतपणे चपला घातल्या. माझा जीव त्या पट्ट्यांमध्ये अडकला होता, पण मी दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले.

"बारशाला येन मी," आवडाबाई म्हणाल्या. "पालना म्हनन. पन खुर्ची नको ठेवू."

आमच्या घरात सोफा आहे, डायनिंगच्या खुर्च्या आहेत. पाट म्हणाल तर लग्नातले दोन कुठेतरी माळ्यावर. आज दुपारी मी स्टूल लावलं, तोंडाने कबड्डी कबड्डी म्हणत चढले आणि जुन्या कुकरच्या मागे हात घातला. खालून समीक्षा पोटावर हात ठेवून ओरडत होती, "आई, उतर! अगं पडशील! मी बाबांना बोलावते!"

पाट सापडले. एकाचा पाय थोडा डगमगतो, तो सुताराकडे द्यायला हवा. दुसरा धुऊन गॅलरीत उन्हाला ठेवला आहे.